हंगाम संपायच्या आत तेलाचे नमुने

साखर कारखान्याची मिल बंद पडून गिअरबॉक्स थंड झाला की धातूचा चुरा तळाशी बसतो आणि वरचं तेल उगाच स्वच्छ दिसतं. म्हणून प्रयोगशाळेत पाठवायच्या तेलाच्या नमुन्यांची तयारी शेवटचा ऊस गव्हाणीत पडायच्या आधी करायची. ओव्हरहॉलिंगला काय उघडायचं, हे मग अंदाजावर राहत नाही.

आधी यंत्रं निवडा: मिलचे बंद गिअरबॉक्स, टर्बाइनची तेलटाकी, हायड्रॉलिक पॉवर पॅक. उघड्या गिअरवर फासलेल्या चिकट वंगणाच्या नमुन्यावर पैसे घालवू नका.

बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा. पिण्याच्या पाण्याची बाटली विसळून वापरायचा मोह होतो, पण १०० मिलीलिटर तेलात पाण्याचा एक थेंब राहिला तरी अहवालात साधारण ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग) पाणी दिसेल आणि नसलेली गळती शोधत बसाल. तेल ओढून घ्यायचा व्हॅक्यूम पंप एकच चालेल, नळी मात्र प्रत्येक गिअरबॉक्सला नवी. सॅम्पलिंग व्हॉल्व्ह असेल तर चालू यंत्रातून, फिल्टरच्या आधी, पहिलं थोडं तेल वेगळ्या डब्यात सोडून मगच नमुना घ्या. व्हॉल्व्ह नसेल तर यंत्र थांबवून १५-२० मिनिटांत नळी घाला. फिरत्या गिअरमध्ये नळी सोडायचं धाडस कुणालाही करू देऊ नका. ड्रेन प्लगमधून नमुना नकोच. तिथे जुना गाळ येतो आणि सगळे विनाकारण घाबरतात. बाटली काठोकाठ भरू नका, प्रयोगशाळेत ती हलवावी लागते.

लेबलवर यंत्राचं नाव, तारीख, तेलाचा ग्रेड, तेल बदलल्यापासूनचे तास आणि मधे किती लिटर टॉप-अप झालं ते लिहा. टॉप-अपची नोंद वहीत नसेल तर ऑइलमनला विचारा. नवं तेल ओतलं की लोखंडाचा आकडा आपोआप खाली येतो. बॅरलमधल्या कोऱ्या तेलाचीही एक बाटली सोबत द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

चाचण्यांत व्हिस्कॉसिटी (तेलाचा दाटपणा), पाणी आणि धातू हवेतच, टर्बाइनसाठी आम्लांकही, म्हणजे तेल किती आम्लीय झालंय ते. व्हीजी ३२० ग्रेडचं तेल ४० अंश सेल्सिअसला २८८ ते ३५२ सेंटिस्टोक्समध्ये बसलं पाहिजे. गिअरबॉक्ससाठी पीक्यू इंडेक्स (तेलातल्या लहानमोठ्या सगळ्या लोहकणांचं चुंबकीय मोजमाप) आवर्जून मागा. धातू मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत, आणि दातांचे टवके उडायला लागले की कण मोठेच असतात. स्पेक्ट्रोमीटरच्या आकड्यांवर निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

अहवाल आला की मागच्या हंगामाचा शेजारी ठेवा. नुसतं तांबं वाढलं, लोखंड जागच्या जागी, तर आधी ऑइल कूलरच्या नळ्या बघा. सिलिकॉन वाढलं, म्हणजे बहुधा धूळ शिरली, तर ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं तोंड) तपासा, आणि जोडावर कुणी सीलंट फासलंय का तेही विचारा. लोखंड आणि पीक्यू दोन्ही चढले असतील तर इन्स्पेक्शन कव्हर त्याच आठवड्यात उघडा. नवा पिनियन (जोडीतला लहान गिअर) बनून यायला महिने लागतात.