वाईट नोकरी रेझ्युमेत ठेवायची की गाळायची?

बॉस अपमान करायचा, पगार रखडायचा, राजीनामा दिल्यावरही त्रास दिला. हे सगळं खरं असलं तरी रेझ्युमे वाचणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं कंपनीचं नाव, पद आणि तारखा. म्हणून कंपनी किती वाईट होती यापेक्षा, ती नोंद काढल्यावर कागदावर काय उरतं हे बघायचं.

रेझ्युमेची एक प्रत काढा, ती नोकरी खोडा आणि मधे किती महिने रिकामे राहतात ते मोजा. साधारण तीन महिन्यांपर्यंतची नोकरी बिनधास्त गाळता येते. तेवढा काळ लोक नोकरी शोधण्यातही घालवतात. सहा महिन्यांच्या पुढे खड्डा ठळक दिसतो. वर्षभराहून जास्त असेल तर नोंद ठेवलेलीच बरी, कारण मुलाखतीत वाईट कंपनीबद्दल बोलण्यापेक्षा रिकाम्या वर्षाबद्दल बोलणं अवघड जातं. तीन ते सहा महिन्यांच्या मधे असाल तर बघा, ज्या पदासाठी अर्ज करताय त्याला लागणारं एखादं काम तुम्ही फक्त तिथेच केलंय का? असेल तर ठेवा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची नोकरी तशीही गळते, तिच्यावर डोकं खपवू नका.

गाळल्यावर सर्वात जास्त लोक अडकतात ते तारखांत. खड्डा बुजवायला आधीची नोकरी दोन महिने पुढे ओढली जाते. पडताळणी करणारे बहुतेक वेळा रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख आणि पद हेच आधी विचारतात, त्यामुळे ही थाप पहिल्याच फोनवर उघडी पडते. हातात आलेली ऑफरही त्यावरून रद्द होऊ शकते. महिने न लिहिता नुसती वर्षं लिहिली तर चालतं, मात्र सगळ्याच नोकऱ्यांना तशीच लिहा. एकाच ठिकाणी महिने गायब असले की नजर नेमकी तिथेच जाते. लिंक्डइनवरची नोंदही त्याच दिवशी बदला.

रेझ्युमे आणि कंपनीचा अर्जाचा फॉर्म यांत मात्र गल्लत नको. रेझ्युमे म्हणजे तुम्ही निवडून मांडलेली माहिती. फॉर्मवर ‘मागील सर्व नोकऱ्या’ असं विचारलं असेल आणि खाली ‘वरील माहिती खरी व पूर्ण आहे’ यावर सही असेल, तर तिथे गाळणं म्हणजे खोटं लिहिणं. बँका, सरकारी खाती, सुरक्षेशी संबंधित पदं इथे अशी विचारणा हमखास होते. कर किंवा भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) नोंदींतून जुना मालक सापडूही शकतो.

ठेवायचं ठरलं तर नोंद आखूड ठेवा: पद, कालावधी आणि कामाच्या दोन ओळी, शक्यतो आकड्यासह. सोडण्याचं कारण रेझ्युमेत लिहायचं नसतं. कंपनी घोटाळ्यामुळे बदनाम झाली असेल तर तुमचं काम कोणत्या विभागात होतं ते स्पष्ट लिहा.

संदर्भासाठी त्या बॉसचं नाव देण्याची गरज नाही. त्याच काळातला दुसऱ्या विभागातला वरिष्ठ किंवा तिथून बाहेर पडलेला टीम लीड चालतो. नाव देण्याआधी त्यांना विचारा. एचआरला फोन गेलाच, तर बऱ्याच कंपन्या तारखा आणि पद यापलीकडे काही सांगत नाहीत.

मुलाखतीतलं उत्तर दोन वाक्यांत बसवा: “ठरलेलं काम आणि प्रत्यक्ष काम वेगळं निघालं. म्हणून मी या प्रकारचं पद शोधतोय.” हे खरं असेल तरच म्हणा. काढून टाकलं असेल आणि थेट विचारलं तर ‘सोडली’ म्हणू नका. काय झालं ते एका वाक्यात सांगून पुढच्या कामावर या. तिसऱ्या वाक्यापासून तक्रार सुरू होते.

नोंद गाळली तरी नियुक्तिपत्र, कार्यमुक्तीचं पत्र आणि शेवटच्या पगाराची स्लिप जपून ठेवा. पुढे एखाद्या फॉर्मने सगळा इतिहास मागितला, तर तारखा आठवणीतून लिहाव्या लागणार नाहीत.