‘धनक’ मुलांना दाखवायचा असेल तर

सगळ्यात आधी, मी पहिल्या वर्षी केलेली चूक तुम्ही करू नका. सिनेमा संपला, दिवे लागले आणि मी उभी राहून विचारलं, ‘‘मग मुलांनो, काय शिकलात?’’ पुढच्या सतरंजीवरून लगेच उत्तर आलं, ‘‘अंधश्रद्धा ठेवू नये.’’ मागून दुसरं, ‘‘नेत्रदान हे श्रेष्ठ दान.’’ पावणेदोन तास खिदळत, मध्येच डोळे पुसत बसलेली ती मुलं माझ्या एका प्रश्नाने थेट परीक्षेच्या बाकावर जाऊन बसली. दोष त्यांचा नव्हता.

मी आमच्या वाचनालयाचा बालविभाग सांभाळते आणि महिन्यातून एका शनिवारी मुलांना सिनेमा दाखवते. ‘धनक’ आजवर चारदा दाखवला. त्यातून जे कळलं ते, हा सिनेमा दाखवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, आईबाबांसाठी लिहिते आहे.

नागेश कुकुनूर यांचा हा हिंदी सिनेमा. २०१५मध्ये बर्लिनच्या महोत्सवात बालविभागातला मोठा पुरस्कार त्याला मिळाला, जून २०१६मध्ये तो आपल्याकडे लागला आणि पुढे सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. राजस्थानातल्या एका गावात परी आणि तिचा धाकटा भाऊ छोटू काका-काकूंकडे राहतात. छोटूला दिसत नाही. तुझ्या नवव्या वाढदिवसाच्या आत तुला दिसू लागेल, असा शब्द परीने त्याला दिलाय. नेत्रदानाच्या पोस्टरवर तिला शाहरुख खान दिसतो. तो जैसलमेरला शूटिंगसाठी आलाय हे कळल्यावर दोघं घर सोडून निघतात. छोटू सलमानचा भक्त, परी शाहरुखची, आणि त्यावरून वाटभर भांडणं. धनक म्हणजे इंद्रधनुष्य. मुलांना इतकंच सांगा, त्यापुढची गोष्ट सांगू नका.

सात वर्षांखालच्या मुलांना शक्यतो बसवू नका. आठ ते तेरा हे वय या सिनेमाचं. दिवस निवडायला मोकळीक असेल तर २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा चांगला, कारण तेव्हा माहिती द्यायला नेत्रपेढीची माणसं यायला तयार असतात. जाहीर खेळ करणार असाल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्या.

आवाजाकडे मात्र जास्त लक्ष द्या. लॅपटॉपच्या आवाजावर हा सिनेमा दाखवू नका. यातला अर्धा जीव गाण्यांत आणि छोटूच्या बडबडीत आहे. मोठा स्पीकर मिळवा आणि आदल्या दिवशी लावून पाहा. खिडक्यांना जाड चादरी, प्रोजेक्टरच्या वायरीवर चिकटपट्टी. मुलं अंधारात पाण्याला उठतात आणि पाय अडकतो. हिंदीची चिंता नको. राजस्थानी वळणाचे काही शब्द सुटतात, पण आमच्या चौथीच्या मुलांचं त्यावाचून काही अडलं नाही. समजावून सांगायला मध्येच सिनेमा थांबवू नका. सुरू करण्याआधी भिंतीवर राजस्थानचा नकाशा लावा आणि जैसलमेरवर बोट ठेवा, ते पुरे.

सिनेमाआधी मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ‘आंधळं असणं कसं वाटतं’ असा खेळ घ्यायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. माझा तिला ठाम विरोध आहे. पट्टी बांधली की मुलं एक तर धडपडून हसतात नाहीतर घाबरतात, आणि मग छोटूकडे कीव करत बघतात. छोटू कीव करण्यासारखा मुलगाच नाही. तो आगाऊ आहे, हट्टी आहे, बहिणीला वाद घालून हरवतो. मुलांना तो आधी तसा भेटू दे.

भावंडं असतील तर शेजारी बसवा. दुसऱ्या वर्षी पाचवीतली एक मुलगी पहिलीतल्या भावाला घेऊन आली होती. त्याची दृष्टी अगदी चांगली. तरी सिनेमा निम्मा झाल्यावर मी मागून ऐकलं, ती त्याच्या कानात सांगत होती, ‘‘आता वाळू आहे. खूप वाळू. लांब एक झाड आहे, पण पानं नाहीत त्याला.’’ आणि भाऊ डोळे घट्ट मिटून ऐकत होता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

संपल्यावर दिवे लगेच लावू नका. नावांची पाटी जाऊ द्या. मग लिंबू सरबत, शेंगदाण्याचा लाडू आणि दहा मिनिटं तुमच्याकडून एकही प्रश्न नाही. त्यानंतर गोल करून बसवा आणि एवढंच विचारा, ‘‘तुम्हाला कुणी शब्द दिला होता आणि पाळला, असं आठवतंय का?’’

माझ्या मते या सिनेमातला विश्वास आधी इथे आहे, बहिणीच्या शब्दात. शाहरुख नंतर येतो. मुलांना हे समजावून द्यावं लागत नाही. शब्द म्हटलं की ती आपोआप घरचं बोलू लागतात. बाबा सुट्टीत येणार होते आणि आले. बाबा येणार होते आणि आले नाहीत. एकीने सांगितलं की ताईचा पाय बरा व्हावा म्हणून आजी खंडोबाला नवस बोललीय. लगेच एक मुलगा म्हणाला, ‘‘ही अंधश्रद्धा.’’ मी तिला विचारलं, ‘‘ताईला डॉक्टरकडेही नेतात ना?’’ ती म्हणाली, ‘‘आजीच नेते. रिक्षाने.’’ तो मुलगा गप्प झाला, विचार करत. निवाडा द्यायची घाई करू नका. औषधपाणी थांबत असेल तर तुम्हाला बोलावंच लागेल, पण ते आजीशी, बाजूला घेऊन. मुलीला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावू नका.

अनोळखी माणसांचा विषय मात्र वगळू नका. परी-छोटू एकटे निघतात आणि वाटेत भेटणारी सगळीच माणसं भली नसतात. सिनेमातलं धाडस मुलांना फार आवडतं. म्हणून १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट फोन नंबर फळ्यावर लिहा आणि दोनदा म्हणून घ्या.

सगळ्यात अवघड प्रश्न डोळ्यांबद्दल येतो आणि त्याची तयारी करूनच बसा. चौथीतल्या एका मुलाने कागद मागितला. शाहरुखला पत्र लिहायचं होतं, आजोबांसाठी. आजोबांना काचबिंदू, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. मोतीबिंदू असता तर ऑपरेशनने दिसण्याची आशा असती. काचबिंदूत डोळ्यामागची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. नेत्रदानात अख्खा डोळा बसवत नाहीत. माणूस गेल्यावर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घेतात आणि त्यातला पुढचा काचेसारखा पारदर्शक पडदा, कॉर्निया, वापरतात. एका माणसाच्या दोन डोळ्यांनी दोघांना दिसू शकतं, पण ज्यांचा तो पडदाच खराब झालाय त्यांना. आजोबांना त्याचा उपयोग नव्हता.

मी हे त्याला सांगितलं. शेजारी बसून, हळू आवाजात, आणि सगळं. ‘देव करेल’ किंवा ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण नुकताच शब्द पाळण्याचा सिनेमा पाहिलेल्या मुलाशी तसं वागणं मला जमलं नाही. काचबिंदू घराण्यात असू शकतो, तेव्हा आईबाबांनी डोळे तपासून घ्यावेत, हेही त्याच्या आईला नंतर सांगितलं. तो थोडा रडला. कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग विचारलं, ‘‘मावशी, आजोबांना इथे सिनेमाला आणू? मी सांगेन ना, काय काय चाललंय ते.’’

पुढच्या खेळाच्या शनिवारी आजोबा आले. खाली बसणं त्यांना जमेना, तेव्हा ऑफिसातली हातांची खुर्ची आणून स्पीकरजवळ ठेवली. नातू शेजारी स्टुलावर, तोंड त्यांच्या कानाशी. पुढच्या मुलांनी ‘श्श’ केलं तेव्हा मी आजोबा-नातवाला मागे भिंतीकडे सरकवलं आणि स्पीकरही एक हात मागे घेतला. तेव्हापासून ती खुर्ची आणि स्टूल दर खेळाला आधीच मांडून ठेवते. तुम्हीही मांडा, मागच्या भिंतीला लागून आणि आवाज नीट येईल अशा जागी.