वर्गात ‘पारध्याच्या पोरानंच घेतलं असेल’ ऐकू आलं, तर

चौथीच्या वर्गात कंपासपेटी हरवली आणि सगळ्यांच्या माना एकाच पोराकडे वळल्या. पेटी खिडकीत सापडली, पण तोवर त्यानं आपणहून दप्तर उलटं केलं होतं. एक वही, अर्धी भाकरी. मला ते अजून सलतं.

तेव्हापासून मी कुणाचंच दप्तर तपासत नाही. आधी विचारते, “तू पाहिलंस की ऐकलंस?” ऐकलं असेल तर कुणाकडून? बहुतेक वेळा गोष्ट घरातल्या आजी-आजोबांपर्यंत जाते.

मग फळ्यावर दोन सालं लिहा. १८७१: जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी केला. १९५२: तो रद्द झाला. सोलापुरात पारध्यांसारख्या अशा जमातींच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवत. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. कायदा गेला तरी चोरी झाली की संशय आधी त्यांच्या पालावर, तंबूंच्या वस्तीवर, जातो. माणसाला उचलून नेताना गाव बघतं, तो निर्दोष सुटून येतो तेव्हा कुणी बघत नाही. मुलांना हे चटकन कळतं.

पालकसभेतही हे बोला, तिथं वेळ लागतो. आळ घेतला असेल तर माफी सगळ्यांसमोर मागायची. त्या दिवशी पहिली मी मागितली.