गिटार सिंथ घ्यायचा की मल्टीइफेक्ट्स?

एक कागद घ्या आणि पुढच्या सहा महिन्यांत वाजवायची असलेली दहा गाणी लिहून काढा. प्रत्येक गाण्यापुढे एकच गोष्ट लिहा: इथे ऐकणाऱ्याला गिटार ऐकू यायला हवी, की गिटारच्या जागी बासरी, व्हायोलिनचा ताफा, ऑर्गन असं दुसरंच काही? दहांपैकी नऊ-दहा ठिकाणी ‘गिटार’ आलं, तर मल्टीइफेक्ट्स (एकाच पेटीत अनेक इफेक्ट देणारं यंत्र) घ्या आणि सिंथचा, म्हणजे गिटार वाजवून दुसऱ्या वाद्याचा आवाज काढणाऱ्या यंत्राचा, विचार सध्या सोडून द्या. चार-पाच ठिकाणी दुसरं वाद्य आलं, तरच पुढची सगळी खटपट करण्यात अर्थ आहे. यादी न करता दुकानात गेलात तर जे ऐकायला नवलाचं वाटेल ते घरी येतं, आणि नवल आठवडाभर टिकतं.

मल्टीइफेक्ट्समध्ये तारेचा मूळ आवाज शेवटपर्यंत जिवंत असतो. त्यावर डिस्टॉर्शन चढतं, डिले लागतो, अँपचं मॉडेल बसतं, पण पिक जोरात मारला की आवाज फाटतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की साफ होतो. सिंथमध्ये, निदान पारंपरिक सिंथमध्ये, तार फक्त निरोप देते: सूर कुठला आणि जोर किती. आवाज दुसरीकडे तयार होतो. त्यामुळे हाताचे बारकावे बरेच गळून पडतात, आणि हाताच्या चुका मात्र एकूण एक ऐकू येतात.

सिंथ उशिरा का बोलतो

जाड ई तार मोकळी वाजवली की सेकंदाला ८२.४ कंपनं होतात, म्हणजे एका कंपनाला सुमारे १२ मिलिसेकंद. सूर ओळखायला यंत्राला निदान एक आणि सहसा दोनेक कंपनं पुरी व्हावी लागतात, त्यात पिक लागल्याचा पहिला खरखराट बाजूला काढावा लागतो. म्हणजे जाड तारेवर २५ मिलिसेकंद किंवा जास्त उशीर ठरलेलाच. बारीक ई तारेवर कंपनं ३२९.६, एकेक ३ मिलिसेकंदांचं, म्हणून तिथे उशीर जाणवत नाही. यंत्र कितीही महाग घेतलं तरी तार आपल्या वेगानेच हलणार. तुलनेसाठी, अँपपासून साडेतीन मीटर दूर उभं राहिलं तरी आवाज १० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तेवढं सगळेच सहन करतात. २५च्या पुढे गेलं की बोटांना कळायला लागतं.

यावर उपाय साधा आहे. बेसचे सूर जाड तारांवर वाजवू नका; पॅच (यंत्रात साठवलेला तयार आवाज) एक सप्तक खाली उतरवा आणि तेच सूर बारीक तारांवर, वरच्या फ्रेट्सवर वाजवा. आणि सावकाश उठणारे आवाज, म्हणजे स्ट्रिंग्ज, पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज), कॉयर, यांच्यात उशीर लपून जातो. पियानो आणि मरिंबा यांच्यात तो उघडा पडतो.

सिंथचे तीन प्रकार

दुकानात तिन्हींना सरसकट ‘गिटार सिंथ’ म्हणतात, आणि चुकीची खरेदी बहुतेक इथेच होते.

पहिला प्रकार म्हणजे सहा तारांसाठी सहा वेगळे सेन्सर असलेला पिकअप लावून सूर ओळखणारा. रोलंडने १९७७ मध्ये जीआर-५०० आणला तेव्हापासून ही परंपरा आहे. जीआर-५५ याच घरातला. त्याला जीके पिकअप (रोलंडचा सहा सेन्सरचा पिकअप) आणि १३ पिनची केबल लागते. नंतरच्या जीएम-८०० ला जीके-५ पिकअप आणि वेगळी डिजिटल केबल लागते. जुना १३ पिनचा पिकअप नव्या यंत्राला थेट लागत नाही, मध्ये जीकेसी-एडी नावाची कन्व्हर्टर पेटी बसवावी लागते. जुनं सामान विकत घेताना आधी सॉकेट पाहा, मग आवाज ऐका.

दुसरा प्रकारही सहा सेन्सरचाच पिकअप वापरतो, पण सूर ओळखत बसत नाही. प्रत्येक तारेचं कंपनच घेऊन त्याला नवं रूप देतो. बॉसच्या एसवाय-१००० मध्ये हे आहे. यात उशीर जवळपास नसतो आणि तारा न पिळता ट्यूनिंग बदलता येतं.

तिसरा प्रकार म्हणजे नेहमीच्या जॅकवर चालणारं पेडल: बॉस एसवाय-१, किंवा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे सिंथ९ आणि मेल९. वेगळा पिकअप नाही, कॉर्ड वाजतात, उशीर खटकत नाही. एसवाय-१ मध्ये ११ प्रकार आणि प्रत्येकाचे ११ नमुने, असे १२१ आवाज आहेत. हुबेहूब सतार किंवा सॅक्सोफोन त्यातून निघणार नाही, पण ऑर्गनसारखा आणि पॅडसारखा भरीव आवाज निघतो. यादीत ‘दुसरं वाद्य’ दोन-तीनदाच आलं असेल, तर मल्टीइफेक्ट्स आणि शेजारी असं एक छोटं पेडल, ही जोडी आमच्या मते सगळ्यात शहाणपणाची.

पिकअप बसवताना

१३ पिनचा जीके-३ पिकअप स्क्रूने बसतो, तसाच दुहेरी टेपनेही बसतो, त्यामुळे चांगल्या गिटारला भोकं पाडायची घाई करू नका. पिकअप ब्रिजच्या शक्य तितका जवळ, तारांना समांतर न ठेवता अगदी काटकोनात, आणि प्रत्येक सेन्सर आपापल्या तारेच्या बरोबर खाली यायला हवा. कुठली बाजू जाड तारेकडे ते त्यावर पाहून घ्या. उलटा बसला तर सहाच्या सहा तारा चुकीच्या जागी नोंदल्या जातात. जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि तार व पिकअप यांच्यात १ मिलिमीटर अंतर ठेवा. मग बारीक ईवर तेच करा. अंतर जास्त राहिलं तर हलका स्ट्रोक यंत्राला कळतच नाही. कमी राहिलं तर जोराच्या स्ट्रोकला तार पिकअपवर आपटून टकटक येते.

हा पिकअप चुंबकीय आहे, म्हणून स्टीलच्याच तारा हव्यात. नायलॉनच्या गिटारला तो काही ऐकणार नाही. तिथे प्रत्येक तारेखाली पिएझो (चुंबकाऐवजी दाब-कंपन टिपणारा) सेन्सर असलेला ब्रिज लागतो.

बसवून झाला की यंत्रात प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी लावायची. एक तार घ्या, प्रत्यक्ष कार्यक्रमात माराल तेवढ्या जोरात मारा, मीटर शेवटच्या रेघेला टेकू नये एवढ्यावर आणा. पुढची तार. घरी हळू वाजवून लावलेली सेन्सिटिव्हिटी स्टेजवर हमखास फसते, कारण तिथे हात आपोआप जड होतो.

तरीही मध्येच भलतेच सूर वाजत असतील तर दोष बहुधा उजव्या हाताचा नसतो, डाव्याचा असतो. बोट उचलताना मोकळी तार क्षणभर हलते आणि यंत्र तिला इमानेइतबारे सूर समजतं. बोट वर न उचलता तारेवरच सैल सोडा, न वाजवायच्या तारा उरलेल्या बोटांनी झाका. जुन्या, गंजलेल्या तारा आणि बिघडलेलं इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागणं) यांनीही सूर डळमळतात. म्हणून यंत्राला शिव्या घालण्याआधी तारा बदला.

मिडीवरून (एका वाद्याने दुसऱ्याला सुरांचे निरोप पाठवायची पद्धत) दुसरा सिंथ चालवायचा असेल तर सहा तारांना सहा चॅनेल द्या आणि बेंडची मर्यादा, म्हणजे सूर जास्तीत जास्त किती अर्ध्या सुरांनी सरकेल तो आकडा, दोन्हीकडे एकच ठेवा. गिटारकडे १२ आणि सिंथकडे २ राहिलं, तर पूर्ण सुराचा बेंड अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशावर येऊन थांबतो आणि सगळं बेसूर वाटतं. पियानोच्या आवाजाला बेंड बंदच ठेवा.

मल्टीइफेक्ट्स निवडताना

इथे आवाजांच्या संख्येवर जाऊ नका. पायाखाली किती स्विच आहेत ते मोजा. चारपेक्षा कमी असतील तर गाणं चालू असताना खाली वाकण्याची वेळ येते. एक्स्प्रेशन पेडल (पायाने वर-खाली झुलवायचं) अंगचंच असलं तर वाह आणि व्हॉल्यूम दोन्ही सुटतात. पॅच बदलताना आधीच्या पॅचच्या डिलेची शेपटी ऐकू येते की कापली जाते, हे तपासा. संथ गाण्यात कापलेली शेपटी फार बोचते.

‘हेडफोनवर अप्रतिम, अँपवर घोंगडीखालून’ ही तक्रार नेहमीची. गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही. पेडलमधलं कॅबिनेटचं (स्पीकरच्या पेटीचं) मॉडेलही तेच करतं. दोन्ही एकावर एक आले की वरचा सगळा चमकदार भाग जातो. गिटार अँपला जोडताना पेडलमधलं कॅबिनेटचं मॉडेल बंद करा. मिक्सर, हेडफोन किंवा फुल-रेंज स्पीकरला जोडताना चालू. सिंथचं उलट आहे: त्याला गिटार अँप मानवत नाही, फुल-रेंज स्पीकरच द्या.

दुसरी चूक म्हणजे रात्री हळू आवाजात पॅच बनवणं. हळू आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. मोठ्या आवाजात तोच पॅच खाली घुमतो आणि वर टोचतो. पॅच कार्यक्रमाच्या आवाजाच्या जवळपास बनवा, सगळ्या पॅचेसची पातळी मीटरवर नव्हे तर कानाने जुळवा, आणि सोलोचा पॅच थोडा वर ठेवा. हे काम साउंडचेकला करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

दोन्ही एकत्र जोडताना

जॅकवरचं सिंथ पेडल साखळीत अगदी पुढे, ट्यूनरच्या लगेच नंतर. डिस्टॉर्शननंतर लावलं तर त्याच्याकडे आधीच कुस्करलेला सूर जातो आणि कॉर्डचा चिखल होतो. डिले आणि रिव्हर्ब नंतर. जीके पिकअपच्या सिंथला ही अडचण नाही, कारण तारा त्याला थेट भेटतात; त्याचा आवाज गिटारच्या साखळीत न मिसळता मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला द्या, म्हणजे पॅड हळू आणि गिटार पुढे असं नियंत्रण हाती राहतं. १३ पिनची केबल काढताना-घालताना यंत्र आधी बंद करा आणि लॉक दाबूनच प्लग ओढा. पिन एकदा वाकल्या की एखादी तार गप्प बसते आणि दोष शोधताना दिवस जातो.

विजेचा हिशोबही आधीच करा. साध्या अ‍ॅनालॉग पेडलला थोडेसे मिलिअँपिअर पुरतात, पण डिजिटल यंत्रं खादाड असतात. लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पला ९ व्होल्टचा ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. अडॅप्टरवरचा मिलिअँपिअरचा आकडा पेडलच्या गरजेइतका किंवा जास्त, व्होल्टेज तेवढंच, आणि प्लगच्या मधलं टोक ऋण की धन हे पेडलवरच्या चिन्हाशी जुळवून पाहा. कमी पडलेला अडॅप्टर बहुतेक वेळा बंद पडत नाही; आधी गुणगुण सुरू होते, मग पॅच बदलताना यंत्र मध्येच पुन्हा सुरू होतं.

दुकानात स्वतःची गिटार न्या. सिंथवर जाड तारेवर एकेक सूर, मग जलद धावती ओळ, मग सहा तारांची कॉर्ड, मग लांब बेंड, एवढंच वाजवा आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐका. मल्टीइफेक्ट्सवर सगळे इफेक्ट बंद करून एकच अँप मॉडेल ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ५ वर आणा. आवाज साफ न होता नुसताच बारीक झाला, तर पुढचं यंत्र मागा.