अंगावर पाजणाऱ्या आईने पोट ‘साफ’ करताना या चुका टाळाव्यात

वडोदऱ्यातील मराठी घरात बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मिळतातच, शिवाय शेजारच्या गुजराती काकूंकडून काटलूचा (बाळंतिणीसाठीच्या मसालेदार पाकाचा) डबाही येतो. त्यात लोहाच्या गोळ्या, टाक्यांचे दुखणे आणि शौचाला बसण्याची धास्ती यांची भर पडली की पोट अडते. मग कोणीतरी सांगते, ‘आतडे एकदा धुऊन काढ, नाहीतर दुधातून विष बाळाला जाईल.’

या सल्ल्यावर विश्वास ठेवणे हीच पहिली चूक होय. साचलेल्या मळातून विष रक्तात शिरते, ही कल्पना वैद्यकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मोडीत काढली. आईच्या मलावरोधाने दूध बिघडत नाही. खरी काळजी आहे ती जुलाबांतून जाणाऱ्या पाण्याची आणि क्षारांची, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि तिचे शरीर फारच शुष्क झाले तर आधी तिला भोवळ येते, पुढे दूधही घटू शकते.

दुसरी चूक अधिक सर्रास होते: सगळी रेचके एकाच मापाने मोजली जातात. इसबगोल आणि लॅक्टुलोज (पोट साफ करणारे पातळ औषध) आतड्यातच राहतात, रक्तात जवळजवळ उतरत नाहीत, म्हणून स्तनपानात ती निर्धोक मानली जातात. सोनामुखी नेहमीच्या मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवस चालते. एरंडेल (इथल्या दुकानातले दिवेल) आणि कोरफडीचा सुकवलेला चीक मात्र टाळावा. अडचण चूर्णांच्या पाकिटांची आहे. पुढे ठळक अक्षरांत ‘संपूर्ण आयुर्वेदिक’ आणि मागे बारीक अक्षरांत सोनामुखी, हरडे (हिरडा), कधी कोरफडही. मागची बाजू वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नये. घटकच छापलेले नसतील तर ते दुकानातच ठेवावे.

इसबगोलही चुकीच्या पद्धतीने घेतले जाते. चमचाभर भुशी अर्ध्या पेल्यात भिजवून ठेवली की तिचा घट्ट गोळा होतो आणि तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. ती भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावी, वर आणखी एक पेला पाणी घ्यावे आणि इसबगोल आणि इतर गोळ्या यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे.

यंत्राने आतडे धुणाऱ्या केंद्रांची जाहिरात आकर्षक असते, पण त्या प्रक्रियेत आतड्याला छिद्र पडणे, क्षारांचे संतुलन बिघडणे आणि संसर्ग होणे हे धोके आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९७८ ते १९८० दरम्यान अशाच एका दवाखान्यात किमान ३६ जणांना अमीबाचा संसर्ग झाला आणि त्यांतील काही दगावले. घरी मिठाचे पाणी पेल्यामागून पेले पिऊन केलेले शंखप्रक्षालनही या काळात नको. पंचकर्मातील बस्ती (औषधी एनिमा) किंवा विरेचन (औषधाने जुलाब करवणे) घ्यायचेच असेल, तर बाळ अंगावर पिते हे वैद्यांना आधी सांगावे.

पोट अडते म्हणून लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. प्रसूतीनंतर त्या १८० दिवस घ्यायच्या असतात. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. रेचक घेतले म्हणून घाबरून स्तनपान थांबवणेही अनावश्यक असते.

जुलाब आधीच सुरू झाले असतील तर रेचक बंद करावे, ओआरएस घोट-घोट घ्यावे, पाजणे चालू ठेवावे आणि बाळाकडे लक्ष द्यावे. दिवस-रात्रीत सहा-सात दुपटी ओली होत असतील आणि बाळ जोमाने पीत असेल, तर सहसा चिंता नसते. सहा आठवड्यांनंतर केवळ अंगावर पिणारे बाळ काही दिवस शी करत नाही, ते स्वाभाविक असू शकते. अशा बाळाला आजीच्या हौसेखातर एरंडेल चाटवू नये. मात्र बाळ मलूल झाले, त्याची लघवी कमी झाली किंवा त्याला वारंवार पाण्यासारखी शी होऊ लागली, अथवा आईला पोटात असह्य कळ, उलट्या, शौचातून रक्त किंवा छातीत धडधड जाणवली, तर सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याच वेळी जावे आणि घेतलेल्या चूर्णाचे पाकीट सोबत न्यावे.