मागच्या बटणाला हात लावण्याआधी

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी पेडण्याला घरी माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या छताला, कांगलांचे (रानफळांचे) घोस बांधत होतो आणि दोना पावलाहून तिथल्या मालकीणबाईंचा, म्हणजे वहिनींचा फोन आला. "दादा, हॉलचा पडदा मेला. मोटर जळली वाटतं." तोंडात सुंभाचं एक टोक, एका हातात नारळ, अशा अवस्थेत मी त्यांना व्हिडिओवर रिमोट दाखवायला सांगितला. रिमोटच्या काचेवर ३ आकडा होता. हॉलचा पडदा १ नंबरचा. ३ म्हणजे मुलांची खोली, आणि तिथला पडदा बंद दाराआड गेली दहा मिनिटं इमानदारीने वर-खाली करत होता.

मी केअरटेकर. गोव्यात पर्वरी, दोना पावल आणि आसगाव मिळून सात घरं सांभाळतो. मालक पुण्याचे, मुंबईचे, एक बंगळूरचे. वर्षातून दोन-तीनदा येतात. सातांपैकी चार घरांत मोटरचे पडदे आहेत आणि त्या चारांचे मिळून नऊ रिमोट माझ्याकडे एका बिस्किटाच्या डब्यात असतात. मी इलेक्ट्रिशियन नाही. पण पडदा अडकला की पहिला फोन मला येतो, आणि दहातल्या सात-आठ वेळा फिटर बोलवावा लागत नाही. हे लिहितोय ते माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्यांसाठी, आणि नव्या घरात पहिल्यांदाच असा रिमोट हातात आलेल्यांसाठी.

आधी एक गैरसमज. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळे तो टीव्हीकडे रोखावा लागतो, मध्ये कोणी उभं राहिलं तर चालत नाही. पडद्यांचे बहुतेक रिमोट रेडिओ लहरींवर चालतात, ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. ते रोखावे लागत नाहीत. सोफ्यावर पडून, चादरीखालून दाबला तरी चालतो. मालकांचे सासरे हात लांब करून, पिस्तूल रोखल्यासारखा रिमोट धरतात. काही बिघडत नाही, पण उपयोगही नाही. अंतराला मात्र मर्यादा आहे. फ्लॅटच्या विटांच्या भिंतीतून लहर सहज जाते. आसगावच्या जुन्या घरात चिऱ्याच्या जाड भिंती आहेत, तिथे ओसरीवरून दाबलं तर आतल्या खोलीतला पडदा ऐकतच नाही.

"ऐकणं" हा शब्द मी मुद्दाम वापरतो. रिमोट फक्त हाक मारतो. पडदा गुंडाळला जातो त्या नळीच्या पोटात लांबुळकी मोटर असते, तिच्या एका टोकाला तिचा कान असतो. म्हणजे अँटेना, वीतभर बारीक वायर. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये एप्रिलमध्ये रंगकाम झालं. पेंटरला ती वायर वरच्या पट्टीतून लोंबताना दिसली, बिचाऱ्याला वाटलं फालतू तुकडा राहिलाय, कापून टाकली. त्यानंतर तो पडदा फक्त बरोबर त्याच्याखाली उभं राहून दाबलं तरच हलायचा. मी तीन वेळा सेल बदलले. चौथ्या वेळी स्टूलवर चढून पाहिलं तेव्हा कळलं. तेव्हापासून रंगाच्या आधी मी त्या वायरी टेपने नळीच्या टोकाशी चिकटवून ठेवतो आणि पेंटरला हात धरून दाखवतो.

बटणं तीन: वर, थांब, खाली. दाबायचं आणि सोडायचं. दाबून धरायचं नाही, कारण बऱ्याच रिमोटमध्ये दाबून धरण्याचा अर्थ वेगळा असतो. सोम्फी कंपनीच्या रिमोटवर मधल्या बटणावर "माय" लिहिलेलं असतं, आणि तिथे लोक हमखास घाबरतात. पडदा चालू असताना ते दाबलं तर पडदा थांबतो. पण थांबलेला असताना दाबलं तर तो आपणहून निघतो आणि ठरवून ठेवलेल्या जागी जाऊन उभा राहतो. भूत नाही ते. ती जागा आपणच नेमायची: पडदा हवा तिथे आणून थांबवा, मग मधलं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, पडदा किंचित उसळी मारेल. झालं. इतर कंपन्यांमध्येही अशी सोय असते, फक्त बटणांचा क्रम वेगळा.

दोना पावलाच्या हॉलला पश्चिमेची भली मोठी काच आहे. दुपारी चारनंतर ऊन समुद्रावर आपटून थेट डोळ्यांत येतं. मी तिथली जागा अशी नेमली आहे की सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांवर सावली पडते आणि खाली पाणी दिसत राहतं. ती उंची सापडायला मला तीन दुपारी लागल्या, कारण वहिनी माझ्यापेक्षा बुटक्या आहेत. तुम्ही नेमाल तेव्हा उभं राहून नेमू नका. जो माणूस तिथे रोज बसतो त्याला बसवा.

आता आकडे. एका रिमोटवर पाच, पंधरा अशी चॅनेल्स असतात. प्रत्येक चॅनेलला एक पडदा किंवा पडद्यांचा गट. बऱ्याच रिमोटवर ० म्हणजे सगळे. फिटर लोक काम करताना ज्या क्रमाने शिडी सरकते त्या क्रमाने नंबर देतात, म्हणून स्वयंपाकघर ४ आणि त्याच्या शेजारची खिडकी ९ असले प्रकार होतात. माझी पद्धत: मुख्य दारातून आत शिरायचं, डाव्या हाताने घर फिरायचं, पहिली खिडकी १. नवीन घर असेल तर फिटर जायच्या आधी त्याच्याकडून हे करून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. जुनं असेल तर नंबर आहे तेच ठेवा आणि एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रिमोटच्या पाठीवरही पट्टी लावा. "हॉल १, मोठी खोली २, मुलं ३." वहिनींच्या रिमोटवर अशी पट्टी होती. त्यांनी ती सोलून काढली होती, चांगली दिसत नाही म्हणून.

पडदा हललाच नाही तर मी या क्रमाने पाहतो. पहिलं चॅनेल. मग तोच रिमोट दुसऱ्या पडद्यावर चालवून बघतो. दुसरा हलला तर रिमोट ठीक आहे, गडबड त्या पडद्याच्या विजेत किंवा मोटरमध्ये. कुठलाच हलला नाही तर सेल. रिमोटचा लाल दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, असं समजू नका. दिव्याला थोडीशी वीज पुरते, लहर लांब फेकायला जास्त लागते. सेल उतरत आला की आधी अंतर कमी होतं. काल खोलीच्या दारातून चालत होता, आज जवळ जावं लागतं, हे त्याचं लक्षण. सेल बहुधा नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा, सीआर २०३२ किंवा सीआर २४३०. दोन्ही दिसायला सारखे पण मापाने वेगळे: २० आणि २४.५ मिलिमीटर रुंद. म्हणून जुना सेल खिशात घालून दुकानात जा. सेल काढल्याने रिमोटची ओळख पुसली जात नाही, निर्धास्त बदला. इथल्या दमट हवेत पत्र्याच्या पट्टीवर पांढरट-हिरवट थर येतो. तो खोडरबराने घासला की निघतो, पाणी लावायचं नाही.

या सेलबद्दल एक गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होते. उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, १०८ ला फोन किंवा सरळ बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज. रिमोटच्या सेलच्या झाकणाला स्क्रू असेल तर तो घट्ट आहे ना ते बघा. नसेल तर वरून टेप मारा. जुने सेल मी टेपमध्ये गुंडाळून वेगळ्या बाटलीत टाकतो.

सेल नवा, चॅनेल बरोबर, तरी पडदा ढिम्म, तर वीज. २३० व्होल्टवर चालणारी मोटर वीज गेली की जिथे आहे तिथे थांबते. जूनच्या पहिल्या वादळात आमच्याकडे दिवे किती वेळा मिचमिचतात ते सांगायला नको. पंखे-दिवे इन्व्हर्टरवर चालू राहतात, त्यामुळे वीज गेल्याचं लक्षातच येत नाही, आणि पडद्यांची लाइन इन्व्हर्टरवर घेतलेली नसते. म्हणून आधी फ्रिज बघा. तो बंद असेल तर रिमोटला शिव्या देऊ नका. वीज परत आली की पडदा आपलं वरचं-खालचं टोक विसरत नाही, ते मोटरच्या डोक्यात पक्कं असतं. बॅटरीवाल्या मोटरची गोष्ट वेगळी. ती नेहमीपेक्षा हळू, रडतखडत वर चढायला लागली की चार्ज करायची वेळ झाली. मालक यायच्या दोन दिवस आधी मी साधा ५ व्होल्टचा चार्जर लांब वायरने लावून ठेवतो.

पडदा चालता चालता मध्येच थांबला आणि मग कशालाच दाद देईना, असं झालं तर बहुधा मुलं घरात असतात. विजेवरची मोटर सलग सुमारे ४ मिनिटं चालण्यासाठी बनवलेली असते. त्याहून जास्त चालली की गरम होऊन आतलं संरक्षण तिला बंद करतं. पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, आपोआप जागी होते. मागच्या मे महिन्यात पाहुण्यांच्या दोन पोरांनी "कोणाचा पडदा आधी वर" अशी शर्यत लावली होती. दोन्ही हरले.

आता मागचं बटण. रिमोटच्या पाठीवर किंवा सेलच्या झाकणाखाली एक बारीक बटण असतं, कधी नुसतं भोक, पिन घालून दाबायचं. हे बटण रिमोट आणि मोटर यांची ओळख करून देतं, आणि ओळख पुसतंही. लोक त्याला वायफायच्या राउटरचं रीसेट बटण समजतात. पर्वरीला मालकांच्या भाच्याने तेच केलं, इंजिनीअर मुलगा. मोठ्या खोलीचा एक पडदा ऐकेना, म्हणून त्याने मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला आणि लगेच सिमकार्डची पिन घालून ते बटण दाबलं. काही कंपन्यांच्या मोटरी वीज आल्यावर थोडे सेकंद नवी ओळख शिकायला कान टवकारून असतात. त्या लाइनवर दोन पडदे होते. दोन्ही २ नंबर शिकले. शिवाय एकाचं वर-खाली उलटं झालं. एक बटण दाबलं की एक पडदा वर, एक खाली. दिसायला मजेशीर होतं, पण फिटरचा अर्धा दिवस गेला.

त्यामुळे नवा रिमोट ओळखवायची वेळ आलीच तर एकच नियम पाळा: ज्या मोटरला शिकवायचं आहे तिचीच वीज चालू, बाकी सगळ्यांची बंद. बॅटरीवाली असेल तर बाकीच्यांचा स्विच, असला तर, बंद. मग साधारण असं असतं: मोटरच्या टोकावरचं बटण ती उसळी मारेपर्यंत दाबून धरायचं, आणि दहाएक सेकंदांच्या आत रिमोटचं मागचं बटण दाबायचं. पुन्हा उसळी आली की ओळख झाली. नेमका क्रम तुमच्या कंपनीच्या चिटोऱ्यात असतो. ते चिटोरं खोक्याबरोबर भंगारात गेलेलं असतं, म्हणून खोकं आलं त्या दिवशीच त्याचा फोटो काढा. आणि रिमोट ० वर असताना यातलं काहीही करू नका.

हाताने ओढणं हा दुसरा गुन्हा. साखळीच्या पडद्याची सवय असलेली माणसं खालची पट्टी धरून खेचतात. आतले दाते झिजतात, कापड तिरकं गुंडाळलं जातं, टोक सरकतं आणि पडदा खिडकीच्या कट्ट्यावर येऊन वळ्या पडतात. केर काढायला येणाऱ्या बाईंना मी रिमोट चालवायला शिकवला. आता त्या माझ्यापेक्षा चांगला चालवतात.

पावसाळ्यात, खिडकी उघडी असताना पडदा खाली सोडू नका. वाऱ्याने कापड एका बाजूला भरकटतं आणि ओलंही होतं. ओलं कापड गुंडाळलं की आठवड्यात काळे ठिपके, आणि बुरशीचे ठिपके ब्लॅकआउट कापडावरून जात नाहीत. बंद घरांत मी दर बुधवारी सगळे पडदे एकदा पूर्ण खाली, एकदा पूर्ण वर करतो. पाली त्या नळीवर अंडी घालतात, तीही त्यामुळे टळतात. आसगावच्या घराला मात्र पडद्यांची गरजच कमी. तिथे जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत, ऊन दुधासारखं होऊन आत येतं. मालकांनी तरी आतून मोटरचा पडदा लावला. मी काही बोललो नाही.

शेवटी फिटर बोलवावाच लागला तर "पडदा चालत नाही" एवढंच सांगू नका. मोटरच्या टोकाला किंवा नळीच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर मॉडेलचा नंबर. त्याचा फोटो पाठवा, रिमोटचा पुढून-मागून फोटो पाठवा, आणि तोच रिमोट दुसरा पडदा हलवतो की नाही ते लिहा. चारही घरांच्या स्टिकरचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. फक्त आसगावचा एक नाही, तो स्टिकर वरच्या बाजूला आहे आणि त्या खोलीत माझी शिडी मावत नाही.