पोर्टवाल्या नळीत प्लेटेड गोळी चालवण्याआधी

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत माझी नोकरी काडतुसं तपासण्यात गेली. त्यामुळे यावल-रावेरकडची लायसन्सवाली मंडळी अजूनही काही अडलं की घरी येतात. हल्ली रेंजवर जाणारी पोरं पोर्टेड नळीबद्दल विचारतात: ‘काका, प्लेटेड गोळी चालंल का?’ माझं उत्तर असं, की पिस्तुलाच्या पुस्तिकेत नको म्हटलं असेल तर विषय संपला. पुस्तिका गप्प असेल तरी जॅकेटेडच घ्या.

कारण समजून घ्या. पोर्ट म्हणजे नळीच्या तोंडाजवळ वरच्या बाजूला पाडलेली छिद्रं किंवा फटी. गोळी तिथून पुढे सरकली की मागचा वायू त्यातून वर उसळतो आणि पिस्तुलाचं उचललं जाणारं तोंड खाली दाबतो. दुसरा नेम लवकर लागतो. पण गोळी जाते ती त्या छिद्रांच्या कडांना घासूनच, आणि कड साफ नसेल तर ती किसणीचं काम करते.

प्लेटेड गोळीत मऊ शिशाच्या गाभ्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा पातळ थर चढवलेला असतो. जॅकेटेडचं कवच तांबं-जस्ताच्या पत्र्याचं, बरंच जाड. वरून दोन्ही तांबूसच, म्हणून रंगावर जाऊ नका, खोक्यावरचं वाचा. पातळ थर कडेला सोलला गेला की तांब्या-शिशाचे कण वायूबरोबर वर उडतात, आणि वर नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो. सोललेली गोळी नेमही सोडते. वेग जास्त तितका धोका जास्त. साध्या प्लेटेड गोळ्यांना बहुतेक कारखाने सेकंदाला १२०० फुटांच्या आसपासची मर्यादा सांगतात. नुसत्या शिशाची गोळी तर पोर्टमध्ये नकोच. ती फटी बुजवत जाते.

आता तपासणी. मॅगझिन काढा, चेंबर (नळीमागची काडतूस बसायची जागा) डोळ्याने बघा, मग बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी सुटी करून मागच्या बाजूने सुती चिंधी सावकाश ओढा. पोर्टपाशी ती अडकली, दोरे निघाले, तर आत बारीक बुर, म्हणजे धातूची उभी राहिलेली धारदार किनार, आहे असं समजा. मग उजेडाकडे धरून छिद्रांच्या कडा बघा: तांबूस चकाकी किंवा करडा चुरा दिसला तर गोळी तिथे सोलली जातेय. पुढच्या माशीवरही, म्हणजे नेम धरायच्या नळीवरच्या खुणेवरही, हाच चुरा बसतो. बुर घरी कानशीने काढायला जाऊ नका, लायसन्स असलेल्या कारागिराकडे न्या. आणि साध्या नळीला लेथवर भोकं पाडून घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आत्ताच सोडा. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीला आणि फेरफारालाही परवाना लागतो.

चालवताना चष्मा हवाच, तोही मजबूत पॉलिकार्बोनेटचा. पोर्टवालं हत्यार छातीजवळ धरून कधी चालवू नका आणि बाजूला माणूस खेटून उभा राहू देऊ नका.

आवाज फुसका आला, झटका लागला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी गेली तर नळी फाटते. रिकामं करा, नळी आरपार बघा. काडतूस उडालंच नाही तर तोंड निशाण्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट, जमलं तर एक मिनिट थांबा. रिव्हॉल्व्हरवाल्यांनी तर लगेच पुन्हा घोडा ओढूच नये: चक्र फिरतं, आणि ते उशिरा पेटणारं काडतूस नळीसमोर नसताना उडतं.

आपल्याकडची आणखी एक गफलत ‘बत्तीस बोर’ या शब्दाची. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग वेगळं आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ मिलिमीटर, वेगळं. पिस्तुलाचं राऊंड, म्हणजे काडतूस, रिव्हॉल्व्हरच्या चक्रात बसतं असं दिसलं तरी घालू नका. काडतुसाच्या बुडाशी कोरलेलं वाचा, लायसन्सवरचं वाचा, नळीवरचं वाचा. तिन्ही जुळलं तरच भरा.

साठवण ही खानदेशात हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. तरी लोक डॅशबोर्डात राऊंड ठेवतात आणि वर म्हणतात, ‘काही नही होत भो त्याले!’ होतं. उष्णतेने दारू लवकर खराब होते आणि तापलेलं राऊंड जास्त दाब देतं. घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात, कुलपात, हत्यारापासून वेगळं ठेवा. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात पावसाळाभर ठेवू नका. चामड्यातल्या आम्लाने पितळ हिरवं पडतं. तेलाचा हात काडतुसाला लावू नका, पातळ तेल प्राइमरच्या (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) कडेने आत मुरून तो निकामी करतं.

हिरवी पडलेली, चेपलेली किंवा गोळी आत सरकलेली काडतुसं बाजूला काढा. ती विहिरीत, उकिरड्यावर, भंगारात टाकायची नाहीत, केळीच्या वाळक्या पाल्याबरोबर पेटवायची तर मुळीच नाहीत. वेगळ्या डबीत ठेवा, डबीवर ‘खराब’ असं ठळक लिहा आणि लायसन्स घेऊन डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात जाऊन जमा करा, नोंद करून घ्या.